मोरीतला दगड आणि पॅरिसच्या भिंती

बुधवार, ४ जून २०२५, पॅरिस

विमानतळावरून घरी येताना भाचीने पहिलंच विचारलं, "मावशी, आयफेल कुठल्या दिवशी ठेवायचा?" मी म्हटलं, जमलं तर बघू. तिचा चेहरा पडला. दोन वर्षं इथे शिकतेय, घरचं कुणी ना कुणी येतं, तिला आयफेलचा कंटाळा आलाय. तरी मावशीने आयफेल टाळावा हे काही तिला पटेना.

"मग आठ दिवस बघणार काय तू?"

"जाहिराती."

तिने ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, म्हणजे मराठीतच, "अगं पण..." म्हटलं आणि गप्प बसली.

हे जरा सांगायला हवं. आमच्या आजोबांचा पुण्यात शनिवार पेठेत शिळाप्रेस होता. उदबत्ती, कुंकू, विडी, तपकीर असल्या मालाची रंगीत लेबलं छापायचे. माझ्या जन्माआधीच तो बंद पडला. वडिलांनी ट्रेडल, म्हणजे खिळ्यांच्या छपाईचं छोटं यंत्र, घेतलं, त्यावर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. पण छपाईचे दगड टाकून कोण देतो? चार बोटं जाड, गुळगुळीत, पिवळट करड्या रंगाचे. त्यातले दोन आमच्या मोरीत बसवले होते. एकाच्या कोपऱ्यात उलटी अक्षरं होती. दगड ओला झाला की ती उठून दिसायची, वाळला की विरायची. ओलं असताना आरसा धरला की 'उदबत्ती' वाचता यायचं. सुलटी अक्षरं मी पाटीवर शिकले, उलटी मोरीत.

शिळाप्रेसचं सगळं गुपित त्या ओल्या-कोरड्यातच आहे. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, वरून डिंक आणि किंचित आम्ल फिरवायचं. मग दगड ओला केला की तेलकट जागा पाणी घेत नाही, शाई घेते. बाकीचा दगड पाणी घेतो, शाई घेत नाही. खोदकाम नाही, उठाव नाही. रंग जितके, तितके दगड, आणि तितक्या वेळा तोच कागद यंत्रातून काढायचा. प्रत्येक रंग आपल्या जागी पडला पाहिजे, यालाच रजिस्टर बसणं म्हणतात, नाहीतर ओठांची लाली गालावर जाते. प्रेस बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी वडील कुठलंही छापील चित्र हातात आलं की आधी एकच विचारायचे, "रजिस्टर बसलंय का?" दगडाबद्दल अभिमानाने सांगायचे की हा बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीचा, पॅरिसमध्ये जे मोठमोठे चित्रकार पोस्टरं काढायचे तेही याच दगडावर. आम्ही त्यावर उभं राहून अंघोळ करायचो.

संध्याकाळी भाचीच्या घरामागच्या गल्लीत एका दगडी भिंतीवर काळी अक्षरं रंगवलेली दिसली. भाचीने वाचून दाखवलं: 'देफाँस दाफिशे, ल्वा द्यू २९ जुईये १८८१'. इथे पत्रकं चिकटवण्यास मनाई आहे, २९ जुलै १८८१चा कायदा. आपल्याकडे भिंतीवर असं लिहिलं की लोक त्याच्याच शेजारी चिकटवतात, पण ते जाऊ दे. गंमत अशी की हा कायदा मनाईचा नाही, मुळात मोकळीक देणारा आहे. तो वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा. त्यानेच भिंतीवर पत्रक लावण्यावरची जुनी बंधनं उठवली आणि दहा-पंधरा वर्षांत पॅरिसच्या भिंती रंगांनी भरून गेल्या. त्यात एक कलम मजेशीर आहे: पांढरा कागद फक्त सरकारी जाहीरनाम्यांसाठी राखलेला. खाजगी जाहिरातदाराने रंगीत कागद घ्यावा किंवा कागद रंगांनी झाकावा. वर सरकारी कराचा शिक्का तेव्हा लागायचाच. रंगाचा हा सगळा सोहळा कलेच्या हौसेनेच सुरू झाला असं कुणी सांगायला लागलं की मला हे कलम आठवतं.

गुरुवार, ५ जून

सकाळी मारे भागात ओतेल द साँस या जुन्या वाड्यात गेलो. पंधराव्या शतकातला वाडा, टोकदार बुरूज. आत फोर्ने ग्रंथालय आहे आणि त्यांच्याकडे पोस्टरांचा मोठा साठा. आम्हाला आत काही मागवून पाहायचं नव्हतं, नुसतं पाहून आलो. वाड्याच्या दर्शनी भिंतीत १८३०च्या क्रांतीतला तोफगोळा रुतून बसलाय, खाली तारीख कोरलेली. भाचीला पोस्टरांपेक्षा तोच आवडला.

संध्याकाळी ओर्से. गुरुवारी हे संग्रहालय रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, आणि माझी सगळी सहल ज्या प्रदर्शनाभोवती बेतली होती ते 'कला रस्त्यावर आहे' इथेच चालू होतं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साथीने भरवलेलं, ६ जुलैपर्यंत. जागाही शोभणारी, ओर्से स्वतः १९००चं रेल्वे स्टेशन.

पहिला ज्यूल शेरे. अक्षरजुळाऱ्याचा मुलगा, तेराव्या वर्षी शिळाप्रेसमध्ये उमेदवारीला लागला. लंडनमध्ये काही वर्षं काढली, आणि १८६६मध्ये रिमेल नावाच्या अत्तरवाल्याच्या पैशावर पॅरिसमध्ये स्वतःचा छापखाना काढला. आयुष्यात हजारावर पोस्टरं केली. त्याच्या पिवळ्या झग्यातल्या, हवेत तरंगणाऱ्या हसऱ्या बायका दालनभर होत्या. भाची म्हणाली, "सगळ्या एकच बाई आहे." खरंच आहे ते. पण मी बाईकडे पाहत नव्हते, दगड मोजत होते. एक काळा, एक लाल, आणि तिसऱ्या दगडावर वर निळी शाई, खाली पिवळी, मधे एकमेकींत विरलेली. तीन दगडांत आख्खं आकाश. खर्च कमी, वेळ कमी. आजोबांनी हे पाहिलं असतं तर बाईकडे न बघता लगेच कागद-पेन्सिल मागितली असती. या माणसाला सरकारने १८९०मध्ये लेजियों दॉनर हा किताब दिला. छापखान्यातला उमेदवार तिथपर्यंत पोचला.

कोपऱ्यात वाकून एक गोष्ट पाहिली आणि बरं वाटलं. प्रत्येक पोस्टरच्या तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता. तेही त्याच १८८१च्या कायद्याने सक्तीचं. आमच्या लग्नपत्रिकांच्या तळाला प्रेसचं नाव असायचं तसंच. लोक पत्रिका वाचतात, ते नाव फक्त दुसरा प्रेसवाला वाचतो. मी सगळी वाचली. रखवालदाराने दोनदा, मागे व्हा, अशी खूण केली.

मग एक प्रयोग केला. ही चित्रं उभं राहून बघण्यासाठी काढलेलीच नव्हती. कामाला निघालेल्या, पाऊस चुकवणाऱ्या, बस गाठणाऱ्या माणसाला चार पावलांत पकडायचं, हा त्यांचा धंदा. म्हणून दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डेक्कनला बस पकडायला निघाल्यासारखी, न थांबता चालत गेले. भाची लाजून खिडकीकडे गेली. कोण डोळ्यात राहिलं? शेरेचा पिवळा राहिला. बोनारच्या 'फ्रान्स-शँपेन'मधला ग्लासातून उसळणारा फेस राहिला. तुलूझ-लोत्रेकच्या 'मूलाँ रूज' या नाचघराच्या पोस्टरमधला पांढरा परकर तर इतका राहिला की परत फिरून पाहावं लागलं, तिथे खरंच पांढरी शाई आहे की नुसता कागद. नुसता कागद आहे! चार रंगांच्या छपाईत सगळ्यात उजळ जागा, आणि तिथे काहीच छापलेलं नाही.

अल्फोन्स मुखा मात्र चालताना निसटला. पॅरिसवाले त्याला म्यूशा म्हणतात. सारा बर्नार या नटीच्या 'जिस्मोंदा' नाटकाचं ते उंच, सव्वादोन मीटरला टेकणारं पोस्टर, १ जानेवारी १८९५ला भिंतींवर लागलं आणि रातोरात माणूस नावारूपाला आला. डोक्यामागे कमान, हातात ताडाची फांदी, झग्यावर सोनेरी वेलबुट्टी. हे पोस्टर नाही, देव्हारा आहे. त्याच्यापुढे थांबावंच लागतं. तेव्हा मला राजा रविवर्म्याची लक्ष्मी आठवली. त्याचा छापखाना मुंबईत गिरगावात १८९४ला सुरू झाला, पुढे मळवलीला गेला; तंत्र हेच, दगडावरचं, यंत्रं आणि कारागीर जर्मन. म्हणजे बर्नारबाई दगडावरून उतरून रस्त्यावर आल्या त्याच सुमाराला लक्ष्मी दगडावरून उतरून आमच्या पणजीच्या देवघरात गेली. तिला कुणी पोस्टर म्हटलं नाही आणि कुणी कलादालनातही ठेवलं नाही. हळदकुंकू वाहून वाहून चेहरा लाल झाला एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ स्टेनलेनच्या 'रस्ता' या १८९६च्या पोस्टरपुढे गेला. तीन मीटर रुंद, जवळजवळ अडीच मीटर उंच, माणसं खऱ्या मापाला टेकलेली. धुणंवाली, मजूर, टोपीवाला शेटजी, पोर. विकायचं काय? तर शार्ल व्हेर्नो या मुद्रकाचीच ही जाहिरात: बघा, मी एवढं मोठं, इतकं नीट छापू शकतो. अनेक कागद एकमेकांना जोडलेले. सांधे शोधत मी त्या बायकांच्या पदराशी नाक नेलं, म्हणजे झग्यांशी, आणि पुन्हा रखवालदार.

प्रदर्शनाबाहेर, मूळ संग्रहात, लोत्रेकने ला गूल्यू या नर्तिकेसाठी जत्रेतल्या तंबूवर रंगवलेले दोन पडदे आहेत, १८९५चे. पुढे व्यापाऱ्यांनी ते कापून तुकडे करून विकले, मग संग्रहालयाने गोळा करून पुन्हा जोडले. शिवण दिसते. रात्री साडेनऊला बाहेर आलो तर उजेड होता.

शुक्रवार, ६ जून

माँमार्त्र. मूलाँ रूजच्या छपरावरच्या पवनचक्कीची पाती गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका पहाटे कोसळली होती. परत बसवली आहेत, पण आम्ही गेलो तेव्हा फिरत नव्हती. खाली फोटोवाल्यांची गर्दी.

१८९१च्या डिसेंबरात याच मूलाँ रूजच्या जाहिरातीची सुमारे तीन हजार पोस्टरं पॅरिसच्या भिंतींवर लागली. लोत्रेकचं पहिलंच पोस्टर. मधे पाय उडवणारी ला गूल्यू, पुढे करड्या रंगात तिचा जोडीदार वालांताँ, ज्याला लोक 'बिनहाडांचा' म्हणायचे, मागे प्रेक्षकांची नुसती काळी सावली. ला गूल्यू म्हणजे अधाशी. टेबलावरच्या गिऱ्हाइकांचे ग्लास नाचता नाचता रिकामे करायची म्हणून. खरं नाव लुईझ वेबेर, आधी धोबीकाम करायची. म्हातारपणी याच मूलाँ रूजच्या जवळ फुटपाथवर शेंगदाणे विकत होती. १९२९ला गेली. माँमार्त्रच्या स्मशानभूमीत तिची कबर आहे, १९९२मध्ये दुसरीकडून आणलेली. कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती. लिलावात त्या पोस्टराला काय भाव येतो, हे मी तिथे उभं राहून भाचीला सांगणार होते, पण नाही सांगितलं.

मग चढ चढून टेकडीपलीकडचं सँ-व्हँसाँ हे छोटं स्मशान. शेजारी द्राक्षांचा मळा, शहराच्या मधोमध. इथे शेरे आणि स्टेनलेन दोघेही आहेत. शेरे शेवटी आंधळा झाला होता, नीसला राहायचा, १९३२मध्ये शहाण्णव वर्षांचा होऊन गेला. एवढा पिवळा रंग ओतणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे अखेर अंधार.

दुकानादुकानांतून स्टेनलेनचं काळं मांजर टांगलेलं: पिशवीवर, मगवर, चुंबकावर, छत्रीवर. १८९६चं पोस्टर, 'शा न्वार' या मद्यालयाच्या दौऱ्यासाठी. दौरा संपला, मद्यालय बंद पडलं, मालकही गेला. मांजर अजून धंदा करतंय, फक्त आता ते स्वतःलाच विकतं. मला त्याचं दुसरं पोस्टर जास्त आवडतं, १८९४चं, निर्जंतुक दुधाचं. लाल झग्यातली त्याची लेक कोलेत वाडग्यातून दूध पितेय आणि खाली तीन मांजरं टक लावून. त्यातल्या एकाच्या पाठीचा बाक बघितला की कळतं, हा माणूस मांजरांबरोबर राहिलेला आहे. रू कोर्तोवरच्या संग्रहालयाच्या बागेत बसून चहा घेतला. महाग आणि पाणचट.

शनिवार, ७ जून

आज दुकानं. पर्समध्ये वडिलांचं भिंग होतं, पितळी दुमडीचं.

सकाळी एका जुन्या बाजारात गेलो, कुठल्या ते सांगत नाही. एका विक्रेत्याने मोठ्या ऐटीत काचेतलं पोस्टर काढलं, "मूळ प्रत, मादाम, शंभर वर्षांपूर्वीची." कागद चहात बुडवल्यासारखा तांबूस, कोपरे जरा जास्तच नीट झिजलेले. मी भिंग लावलं. आत ठिपके. निळा, लाल, पिवळा, काळा, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले, शिस्तीत. म्हणजे फोटोवरून केलेली ऑफसेट छपाई. दगडावरचा रंग असा नसतो. भिंगाखाली तो भाजलेल्या रव्यासारखा दिसतो, कुठे दाट, कुठे विरळ, कण एकसारखा नाही, कारण खडू दगडाच्या खरखरीवर अडखळत गेलेला असतो. मी काही बोलले नाही, भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने पाहिलंही नाही. म्हणाला, "सजावटीला छान आहे." पाठोपाठ किंमत निम्मी झाली. भाची म्हणाली, तुळशीबागेतली वाटलीस अगदी.

दुपारचा दुकानदार वेगळा निघाला, अस्सल जाणकार. त्याने एक पोस्टर उलटं करून पाठ दाखवली: कापडावर चिकटवलेलं. जुना कागद स्वस्त लाकडाच्या लगद्याचा, आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून मागे कापड देतात. घड्या कुठे होत्या, कुठे भरून काढल्यात, कडेला काय जोडलंय, सगळं स्वतःहून सांगितलं. घडीला हरकत नाही म्हणाला, पोस्टरं घडी घालूनच पाठवायचे. 'मूलाँ रूज'बद्दल त्याने सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ते इतकं मोठं की तुकड्यांत छापलं होतं, आणि वरची पट्टी वेगळी. पुष्कळ प्रतींची ती वरची पट्टीच हरवलेली असते.

त्याच्या भिंतीवर काप्पिएल्लोचा लाल घोडा होता. १९०३, क्लाउस चॉकलेट. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक घोडा, वर हिरव्या झग्यातली बाई. चॉकलेट कुठेच नाही! लोक दुकानात जाऊन 'लाल घोड्याचं चॉकलेट द्या' म्हणायचे, अशी गोष्ट आहे, आणि मला ती खरी वाटते, कारण आमच्याकडेही लोक आजोबांच्या गिऱ्हाइकाची उदबत्ती नावाने नाही, लेबलावरच्या मोरावरून मागायचे. शेरेचं पोस्टर चालणाऱ्यासाठी आहे, काप्पिएल्लोचं ट्राममधल्यासाठी. त्यापुढे कासांद्र: खार्किवमध्ये जन्मलेला, खरं नाव अडोल्फ मूराँ. १९२७चं त्याचं 'एत्वाल द्यू नोर' तिथे होतं. रेल्वेची जाहिरात, पण गाडी नाही, डबा नाही, नुसते रूळ, क्षितिजापर्यंत गेलेले, आणि वर एक तारा. हे मोटारीतून जाणाऱ्यासाठी काढलंय. किंमत ऐकून मी भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं.

माझं लक्ष खाली ठेवलेल्या एका खोक्याकडे गेलं. बाटल्यांवरची जुनी लेबलं, न वापरलेली. पाच युरोला एक घेतलं, संत्र्याच्या मद्याचं. संत्र्याचा केशरी रंग काळ्या रेघेबाहेर केसभर गेलाय. रजिस्टर हललंय. म्हणूनच ते बाटलीवर न जाता खोक्यात राहिलं असणार. दुकानदाराने ते भिंगातून बघितलं आणि एक युरो परत दिला. मी घेतला.

रविवार, ८ जून, शोमाँ

गार द लेस्तवरून रेल्वेने अडीच तास. गावात शिरताना भला मोठा दगडी पूल, पन्नास कमानींचा, १८५७ला पुरा झालेला. गाव मात्र दुपारी झोपलेलं, उघडी खाणावळ सापडेना. आम्ही स्टेशनवरचं सँडविच खाल्लं.

इथे यायचं कारण म्हणजे ग्युस्ताव्ह द्युतायी. वनस्पतिशास्त्राचा माणूस, इथला खासदार, आणि पोस्टरवेडा. १९०६मध्ये वारला आणि सुमारे पाच हजार पोस्टरं गावाला देऊन गेला. १८९०च्या आसपास पॅरिसला हे वेडच लागलं होतं. त्याला 'आफिशोमानी' असा शब्दही निघाला. लोक रात्री ओल्या खळीची पोस्टरं भिंतीवरून सोलून न्यायचे, चिकटवणाऱ्यांना चिरीमिरी द्यायचे. मग सागो नावाच्या व्यापाऱ्याने छापखान्यातूनच न चिकटवलेल्या कोऱ्या प्रती घेऊन यादी छापून विकायला सुरुवात केली. पुढे शेक्स छापखान्याने १८९५ ते १९०० निवडक पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्या काढल्या, महिन्याला चार, वर्गणीदारांना. एकूण २५६. जाहिरातीची कला झाली ती इथे, वर्गणी भरून. समीक्षक नंतर आले.

त्या देणगीमुळे आज गावात 'ल सिन्य' हे ग्राफिक डिझाइनचं राष्ट्रीय केंद्र आहे, जुन्या बँकेच्या इमारतीला लागून. आम्ही गेलो तेव्हा भिंतींवर बहुतेक आजचं काम होतं. द्युतायीचे कागद उजेडाला नाजूक, ते कायम टांगून ठेवत नाहीत. मी हिरमुसले. भाचीला मात्र आजची पोस्टरं जास्त आवडली आणि तिने मला तासभर ती समजावून सांगितली. अर्धी कळली.

सोमवार, ९ जून

सुट्टीचा दिवस, गाडीला गर्दी. पॅरिस ते तुलूझ साडेचार तास, पुढे आल्बीला तासभर. भाचीची परीक्षा, म्हणून मी एकटी. तुलूझनंतर एका शेतघराच्या बिनखिडकीच्या भिंतीवर पुसट निळी अक्षरं दिसून गेली: 'दुबो' एवढंच. 'दुबोने' या मद्याची रंगवलेली जाहिरात असणार. याच कंपनीसाठी कासांद्रने १९३२मध्ये तीन टप्प्यांचं चित्र केलं होतं. पहिल्यात माणूस ग्लासाकडे बघतो, दुसऱ्यात पितो, तिसऱ्यात पुन्हा ओततो. तसतसा तो रंगाने भरत जातो, आणि शब्दही: दुबो, दुबों, दुबोने. फोटो काढायच्या आत भिंत गेली. जाहिरातीचा उद्देश तेवढाच होता म्हणा.

मंगळवार, १० जून, आल्बी

आल्बी लाल आहे. कॅथेड्रल विटांचं, पूल विटांचा, आणि बिशपचा जुना किल्लेवजा वाडा, पाले द ला बेर्बी, तोही विटांचाच. खाली तार्न नदी. याच वाड्यात तुलूझ-लोत्रेकचं संग्रहालय. तो इथलाच, सरदार घराण्यातला, १८६४चा जन्म. तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही मांड्या मोडल्या, पाय पुढे वाढलेच नाहीत. छत्तिसाव्या वर्षी गेला. पॅरिसमधल्या नावाजलेल्या मंडळींना त्याच्या सगळ्या कामाचं काय करावं कळेना. आईने आणि मित्राने ते गावाला दिलं, १९२२ला संग्रहालय उघडलं.

त्याने आयुष्यात पोस्टरं केली फक्त एकतीस. एकतीसही इथे आहेत. मी सकाळी दहाला आत गेले आणि दोनदा बाहेर येऊन नदीकाठी बसून पुन्हा आत गेले.

'मूलाँ रूज'चा कोळशाने काढलेला मोठा आराखडाही आहे. त्यात हात चाचपडतोय, रेघा पुन्हा पुन्हा घेतल्यात, खोडल्यात. पोस्टरात यातलं काही उरलं नाही. तिथे रेघ एकदाच येते. कागदावर खोडता येतं, दगडावर दुरुस्ती म्हणजे घासणं, आणि प्रेसमध्ये घासणं म्हणजे पैसे.

मग पार्श्वभूमीच्या शिंतोड्यांवर नजर गेली. तुषार उडाल्यासारखे बारीक ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. वाचून ठाऊक होतं, पण एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं: तो टूथब्रश शाईत बुडवून दगडावर शिंपडायचा. मी तिथे एकटीच हसले. एलिमेंटरीच्या परीक्षेच्या आधी आमच्या चित्रकलेच्या बाई हेच करवून घ्यायच्या. पिंपळाचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासायचा, पान उचललं की पांढरा पिंपळ. स्प्रे वर्क. घरी आईची ओरड, कारण कंगवा तिचा असायचा. आम्ही ते बालकाम समजायचो.

आरिस्तीद ब्रुआँ या गायकाच्या पोस्टरपुढे एक शाळकरी वर्ग बसला होता. काळा अंगरखा, लाल मफलर, बस. १८९२चं. मद्यालयाच्या मालकाला हे पोस्टर अजिबात पसंत नव्हतं. ब्रुआँ म्हणाला, ते लागणार नसेल तर मी गाणार नाही. गिऱ्हाइकाच्या नापसंतीचं बिल गायकाने फाडलं, असं आमच्या प्रेसमध्ये कधी झालं नाही. बाईंनी मुलांना विचारलं, "किती रंग आहेत?" एक मुलगा उठून बोटाने मोजत राहिला. त्याचा आकडा मला ऐकू आला नाही, पण बाई मान हलवत राहिल्या आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

बुधवार, ११ जून, पॅरिस

पहाटेच्या गाडीने परत. रात्रीचं विमान, त्यामुळे मधे थोडा वेळ. भाची म्हणाली, "अजूनही आयफेल होऊ शकतो." निघालो. पण मेट्रोच्या एका बोळात अडकलो.

पायऱ्यांखालच्या मोठ्या चौकटीत एक माणूस पोस्टर लावत होता. बादली, लांब दांड्याचा ब्रश, खांद्यावर दुमडलेले कागद. जुना थर एका कोपऱ्यातून सुटला होता आणि आत आणखी चार-पाच थर दिसत होते, पापडासारखे. एकात कुणाचा तरी दात, एकात केळं. मला ती चिंधी ओढून घ्यायचा अनावर मोह झाला. भाचीने हात धरला.

त्याने खळ फासली, पहिला कागद लावला: एका बाईचा अर्धा चेहरा. मग दुसरा, शेजारी. नाकाची रेघ बोटभर वर गेली. तो मागे सरला, मान वाकडी करून पाहिलं, मग ओल्या कागदावर ब्रश आडवा दाबून हळूहळू खाली सरकवत आणला. नाक नाकाला लागलं.

"रजिस्टर बसलं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रस्ता विचारतेय. त्याने ब्रशानेच पाटीकडे बोट दाखवलं आणि तिसरा कागद उलगडला.